मोगऱ्याची कात्री

निवृत्त माणसाच्या हाती धारदार वस्तू देऊ नये, असे एखाद्या सुभाषितकाराने वेळीच लिहून ठेवायला हवे होते. नोकरीत असताना आपल्या हातून होणारे नुकसान कागदावर होते, आणि वरचा साहेब ते लाल शाईने दुरुस्त करतो. निवृत्तीनंतर साहेब नसतो, लाल शाई नसते. असतो तो सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंतचा रिकामा वेळ, आणि आपल्याला सगळे कळते ही खात्री. या दोहोंच्या जोडीला एक करवत मिळाली म्हणजे काय होते, ते मला २०२२ सालच्या मार्चमध्ये दिसले. कळायला पुढे दोन वर्षे लागली.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि आमची ही, चिरंजीवांकडे अमेरिकेला गेलो होतो. गाव रॉचेस्टर. ते न्यू यॉर्क राज्यात आहे खरे, पण न्यू यॉर्क शहराशी त्याचा संबंध आपल्या नागपूरचा मुंबईशी असतो तेवढाच. उत्तरेला ऑन्टॅरिओ नावाचे समुद्रासारखे सरोवर, गावातून वाहणारी जेनेसी नदी, आणि ज्या कोडॅकच्या फिल्मवर आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या मुंजी आणि लग्ने उमटली त्या कोडॅकचे हे जन्मगाव. पण गावकरी कोडॅकबद्दल फारसे बोलत नाहीत. ते बोलतात लायलॅकबद्दल.

लायलॅक म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. इंग्रजी कादंबऱ्यांतून हे नाव डोळ्यांखालून गेले होते. पण डॅफोडिल, हनीसकल वगैरे मंडळींप्रमाणे आपण त्यालाही ओळखीचे समजून पान उलटतो. लायलॅक हे मोठे झुडूप. पाने पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची, फक्त पिंपळाची ती लांब शेपटी नाही. मे महिन्यात फांद्यांच्या टोकांना वीतभर लांबीचे घोस येतात, आणि एकेका घोसात चार पाकळ्यांची बारीक नळीदार फुले दाटीवाटीने बसलेली असतात. रंग बहुधा फिका जांभळा; पण पांढरी, गुलाबी आणि वांग्याच्या रंगाचीही असतात. मूळ ठिकाण युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातले डोंगर. तिथून तुर्कांच्या बागांत, तुर्कांकडून सोळाव्या शतकात व्हिएन्नाकडे, आणि मग वसाहत करणाऱ्यांच्या सामानातून अमेरिकेत, असा त्याचा प्रवास. नाव मात्र फारसीतून आलेले. ‘नीलक’ म्हणजे निळसर. म्हणजे हिंडून फिरून आपलाच ‘नील’.

हे सगळे ज्ञान नंतरचे. मी प्रथम पाहिले तेव्हा चिरंजीवांच्या परसात, शेजारच्या कुंपणाला लागून, बर्फात चार प्रचंड खराटे उलटे रोवून ठेवल्यासारखे काहीतरी उभे होते. उंची दीड-दोन पुरुष. बुंध्याशी मनगटाएवढी जाड, करड्या सालीची, एकमेकांत पिळवटलेली खोडे. काही पोकळ, काही सरळसरळ वाळलेली. खाली सगळे उघडेबोडके, वर काटक्यांचे जंजाळ. मला ते पाहवेना. स्वच्छ सांगायचे तर मला ते पाहून बरे वाटले. या घरात आपल्याला करण्याजोगे काहीतरी आहे, असे आल्यापासून प्रथमच वाटले. भांडी घासायला यंत्र, कपडे धुवायला यंत्र, नातीचा अभ्यास इंग्रजीतून. किराणाही दारात येऊन पडतो. पुण्याहून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाने करायचे काय?

आणि छाटणीत माझा थोडाफार लौकिक आहे. आमच्या कोथरूडच्या गच्चीवर मोगऱ्याच्या अकरा कुंड्या आहेत. थंडीत त्यांचे पाणी तोडायचे, ताण द्यायचा; मग जानेवारीत हात आखडता न घेता छाटायचे, उरलेली पाने ओरबाडून काढायची, माती उकरून शेणखत द्यायचे आणि पाणी सोडायचे. मार्चमध्ये नवी फूट येते आणि त्या फुटीवर कळ्याच कळ्या. मोगरा फुलतो तो नव्या फांदीवर. जितकी नवी फूट, तितकी फुले. हे गणित मी इतक्या लोकांना शिकवले आहे की आमच्या इमारतीतले शेजारी जानेवारीत आपापल्या कुंड्या घेऊन माझ्याकडे येतात, जशी मुले केस कापायला न्यावीत.

तर मार्चच्या मध्यावर बर्फ वितळले, दोन दिवस ऊन पडले. चिरंजीव आणि सूनबाई कामावर, नात शाळेत, आमची ही आत पुरणाच्या डाळीचे काय करावे या विवंचनेत. गॅरेजमध्ये करवत होती, कात्रीही होती. पहिल्या दिवशी दोन झुडपे, दुसऱ्या दिवशी दोन. चारही गुडघ्याएवढी करून टाकली. फांद्यांच्या टोकांना हिरवट, टपोरे, जोडीजोडीने बसलेले डोळे दिसत होते. ते पाहून मी जरा घाईच केली. म्हटले, फूट यायच्या आत उरकले पाहिजे!

ते टपोरे डोळे म्हणजेच त्या वर्षीची फुले होती.

संध्याकाळी चिरंजीव आले. खिडकीतून बाहेर पाहिले आणि म्हणाले, “बाबा, हे तुम्ही केलंत?” मी म्हटले, “हो. बघ आता मेमध्ये कसं फुलतं ते.” ते काही न बोलता कोट काढायला गेले. मग सूनबाई आली. मागच्या दारात उभी राहून तिने बराच वेळ त्या खुंटांकडे पाहिले, आत आली, हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. जेवताना मला विचारले, “बाबा, पोळी घालू?” आवाजात काही नव्हते. राग नव्हता, रुसवा नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण त्या पोळीइतके काही मला जड गेले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर हिने सांगितले. मी ऐकत असताना ही सहसा दिवा मालवत नाही. त्या रात्री तिने आधी दिवा मालवला.

आमच्या विहीणबाई मिरजेच्या. अमेरिकेला एकदाच आल्या होत्या, २०१८ च्या मेमध्ये, तीन आठवडे. घरात बसवेना म्हणून परसात खुर्ची टाकून बसायच्या, आणि वर पाहिले तर ती चार झुडपे फुलली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई-दोरा मागितला. लायलॅकचे फूल देठाशी बारीक नळीसारखे असते. एकेक फूल ओवून त्यांनी चार वर्षांच्या नातीसाठी चक्क गजरा केला. नातीचे केस तोकडे, तेव्हा तो बांधायला पिना लागल्या दहा. त्याचा फोटो दिवाणखान्यात आहे. मी रोज पाहात होतो. फुले कसली ते कधी विचारले नव्हते.

२०२१ च्या मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, विहीणबाई मिरजेला गेल्या. लेकीला जाता आले नाही. सगळे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्या आठवड्यात परसात लायलॅक फुलला होता, तिने एक घोस तोडून त्या फोटोपुढे ठेवला. यंदाचा मे हा पहिला वर्षदिन.

“विचारायचं तरी होतंत हो,” ही म्हणाली. एवढेच.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडच्या आजीबाई बाहेर आल्या. वय चौऱ्याऐंशी, शाळेतल्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झालेल्या, पाठीत ताठ. कुंपणावर दोन्ही हात ठेवून त्यांनी चारही खुंटांचे समूह एकेक करून पाहिले. मला विचारले, “किती दिवस लागले?”

“दोन,” मी म्हणालो.

“माझ्या नवऱ्यालाही खड्डे खणायला दोनच दिवस लागले होते.”

आता हे मला कोणी सांगितले नव्हते. पूर्वी मध्ये कुंपण नव्हते, तेव्हाचा घरमालक यांच्या यजमानांचा मित्र. त्यांनी आपल्या वडिलांच्या शेतावरच्या जुन्या लायलॅकचे मुनवे उपटून आणून इथे लावले होते. यजमानांना जाऊन बारा वर्षे झाली होती. मी माफी मागू लागलो. माझे इंग्रजी ऑफिसच्या पत्रव्यवहारात तयार झालेले. माफीसाठी त्यात ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ यापलीकडे वाक्य नाही. बाईंनी हात वर करून मला थांबवले.

“मरायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “१९९१ च्या मार्चमध्ये इथं बर्फाचं वादळ झालं. पाऊस पडत होता आणि फांदीवर पडताच गोठत होता. रात्रभर झाडं मोडत होती, बंदुका उडाव्यात तशी. सकाळी ही चारही आडवी. त्यानं मोडकं कापून काढलं आणि काही केलं नाही. पुन्हा आली.”

“फुलं?”

“तिसऱ्या वर्षी थोडी. मग बरीच.”

त्यानंतर त्यांनी मला जे शिकवले, ते कुठल्याही शाळेत शिकायला मिळाले असते तर मी एवढी मोठी मजल मारली नसती. लायलॅक फुलतो तो जुन्या फांदीवर. मे महिन्यात फुले सरतात, आणि पुढच्या काही आठवड्यांतच, ऐन उन्हाळ्यात, फांदीच्या टोकाला पुढच्या वर्षीची कळी घडू लागते. ती इवलीशी कळी पानगळ, बर्फ, शून्याखालची थंडी सगळे अंगावर घेऊन मेपर्यंत थांबते. म्हणून छाटायचे असेल तर फुले सरताच लगेच. शरदात छाटा, थंडीत छाटा, मार्चमध्ये छाटा, कापली जाते ती तयार कळीच. आणि झुडूप म्हातारे झाले असेल तर एकदम कापायचे नाही. दर वर्षी सर्वांत जुन्या खोडांतली एक तृतीयांश मुळाशी काढायची. तीन वर्षांत झुडूप नवे होते आणि फुले एकाही वर्षी चुकत नाहीत.

“पण एक सांगते,” बाई म्हणाल्या, “सगळंच कापायचं ठरवलं असतं, तर वेळ तुमची बरोबर होती. पानं यायच्या आधी झाडाचं सगळं अन्न मुळांत असतं. जिवासाठी वेळ बरोबर, फुलांसाठी चूक.”

माझ्या बाजूने निघालेला हा एकच निकाल. मी तो घरात कोणाला सांगितला नाही.

त्या आठवड्यात माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याची नाशिककडे द्राक्षबाग आहे. मी हकीकत सांगितल्यावर तो इतका हसला की फोन लांब धरावा लागला. “दाजी, चाळीस वर्षं द्राक्षं खाताय आमची! एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी. मधे एप्रिल-मेच्या उन्हात आम्ही काडी का जपतो? त्या काडीतला घड तेव्हाच ठरतो. ऑक्टोबरात दिसतो तो फक्त बाहेर येताना.” खरेच की! सुट्टीत कितीदा त्या बागेत हिंडलो, किती पेट्या घरी आणल्या. मोगऱ्याच्या अकरा कुंड्यांनी माझे सगळे आकाश व्यापले होते.

एक शंका मला छळत होती. आपल्याकडे गुलाबाचे डोळे भरलेले असतात. वरचे कलम मेले की खालचा जंगली खुंट फुटतो, आणि माणूस दोन वर्षे खतपाणी घालून शेवटी पाच पाकळ्यांचे रानफूल पाहात बसतो. लायलॅकचेही कलम करतात. कधी दुसऱ्याच जातीच्या खुंटावर, आणि तसे झाड कलमाच्या खाली कापले गेले तर उगवते ते भलतेच. पण ही झुडपे मुनव्यांची, स्वतःच्याच मुळांवर वाढलेली होती. जे येईल ते तेच येईल. त्या रात्री मी जरा झोपलो.

एप्रिल सरता सरता खुंटांच्या सालीखालून लालसर-हिरवे ठिपके दिसू लागले, जमिनीतूनही धुमारे आले. मेच्या अखेरीस एकेका बुंध्याभोवती पन्नास-साठ फुटवे. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. लगेच विरळणी करावी म्हणून हात शिवशिवू लागले. करवत आणि कात्री मात्र जागेवर नव्हत्या. सूनबाईने त्या कुठेतरी ठेवल्या होत्या. मी विचारले नाही.

“यंदा काही कापायचं नाही,” शेजारच्या बाईंनी बजावले. “प्रत्येक पान मुळांना पोसतंय. पुढच्या मार्चमध्ये बघू.” खत? नको. हिरवळीवर फवारणारे लोक जे नत्राचे खत टाकतात, ते तर झुडपांपासून लांबच ठेवायचे. नत्राने पाने माजतात आणि फुले आणखी लांबतात. कुजलेल्या पाल्याचे खत दोन बोटे जाड पसरायचे, तेही खोडाला न टेकता. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. बाकी काही नाही. माझ्यासारख्या माणसाला ‘बाकी काही नाही’ ही शिक्षा असते. तरी मी ती भोगली. सकाळी पाण्याची नळी घेऊन उभा राहात असे आणि हात दुसऱ्या कशाला लागू देत नसे.

विहीणबाईंच्या वर्षदिनाच्या सकाळी दारावर टकटक झाली. शेजारच्या बाई उभ्या होत्या, हातात ओल्या कागदात गुंडाळलेले लायलॅकचे तीन घोस. त्यांच्या पुढच्या अंगणात एक झुडूप होते. त्यांना कोणी सांगितले मला ठाऊक नाही. मी नाही, हिनेही नाही. सूनबाईने ते घेतले, देठांची टोके उभी चिरून पाण्यात ठेवली. मी प्रथमच तो वास घेतला. मोगऱ्याचा गोडवा असतो ना, तोच. पण थंड पाण्यात बुडवून काढलेला, आणि मागे किंचित बदामासारखी कडवट झाक.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे हायलँड पार्कला गेलो. गावात दर मेमध्ये लायलॅकची जत्रा भरते, ती इथे. उतारावर जिकडे पाहावे तिकडे हीच झुडपे, बाराशेच्या वर, प्रकार पाचशेहून जास्त. १८९२ साली जॉन डनबार नावाच्या बागकाम करणाऱ्या गृहस्थाने ही लागवड सुरू केली; त्यानेच तयार केलेला ‘प्रेसिडेंट लिंकन’ नावाचा निळसर लायलॅक तिथे आहे. लायलॅकच्या बाबतीत खरे नाव मात्र एका फ्रेंच माळ्याचे, व्हिक्टर लेम्वान याचे. १८७० च्या युद्धात त्याचे नान्सी शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, आणि त्या काळात त्याने लायलॅकचे संकर करायला घेतले. त्याची नजर अधू. म्हणून बायको शिडीवर चढून फुलाफुलात पराग घाली. हे मी आमच्या हिला मोठ्या कौतुकाने सांगितले. ही म्हणाली, “तिथंसुद्धा शिडीवर बायकोच!”

त्या बागेत मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मी सूनबाईला सांगितल्यावाचून राहवले नाही. वनस्पतिशास्त्रात लायलॅक ज्या कुळात मोडतो, त्याच कुळात आपला मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक आहेत. ही सगळी सख्खी-चुलत भावंडे. फरक एवढाच की या भावंडाला कडक थंडीचा हिवाळा लागतो, त्यामुळे पुण्या-मिरजेत तो जगला तरी फुलणार नाही. सूनबाई चालता चालता थांबली. “म्हणजे आईला वास ओळखीचा वाटला, तो उगाच नाही,” ती म्हणाली. “ती म्हणायची, हे फूल आपल्यातलंच आहे ग.” दोन महिन्यांत पोळीखेरीज ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

ऑगस्टमध्ये परतायच्या सुमारास पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग दिसले. भुरी! द्राक्षाच्या बागेत हा शब्द उच्चारला तरी मेहुण्याचा चेहरा उतरतो. मी कुंपणाकडे धावलो. बाई हसल्या. लायलॅकवर ती दर वर्षी येते, दिसायला वाईट, पण झाडाचे फारसे बिघडवत नाही; दाटी कमी झाली, हवा खेळली की कमी होते. तेवढ्या भरवशावर मी विमानात बसलो.

पुढची गोष्ट फोनवरची. नोव्हेंबरात चिरंजीवांनी बुंध्यांभोवती जाळी लावली, कारण थंडीत खायला काही नसले की ससे कोवळी साल कुरतडतात. २०२३ च्या मार्चमध्ये विरळणी. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे सकाळचे दहा. चिरंजीव कात्री घेऊन, नात फोन धरून, आणि मी कोथरूडमध्ये खुर्चीच्या कडेवर. प्रत्येक बुंध्याशी सर्वांत जोमदार, एकमेकांपासून अंतर राखून असलेले आठ-दहा फुटवे ठेवायचे, बाकीचे जमिनीलगत काढायचे. “हा ठेवू का, बाबा?” “तो नको, त्याच्या मागचा.” “मागचा म्हणजे कुठला?” साठ फुटव्यांतले पन्नास काढताना माझा जीव जात होता. ज्याने दोन दिवसांत चार झाडे आडवी केली, त्याच्या तोंडून “अरे जपून, जपून” ऐकताना चिरंजीवांना काय वाटले असेल, ते त्यांनी बोलून दाखवले नाही. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

त्या मेमध्ये नुसती पाने आली. सूनबाईने फोटो पाठवला, खाली लिहिले होते, ‘छातीएवढी झाली.’ शेजारच्या बाई याही वर्षी तीन घोस घेऊन आल्या.

२०२४ च्या एप्रिलच्या आरंभी आम्ही पुन्हा गेलो. ८ एप्रिलला रॉचेस्टरवरून खग्रास सूर्यग्रहण जाणार होते. लांबलांबून माणसे आली होती, नातीने काळे चष्मे आणून ठेवले होते. आणि नेमके आभाळ भरले. दुपारी सव्वातीन वाजून गेल्यावर एकदम अंधार पडला, साडेतीन मिनिटांच्या आसपास राहिला आणि गेला. सूर्य कोणालाच दिसला नाही. सगळे परसात उभे राहून हळहळत वर पाहात होते. पुन्हा उजाडले तेव्हा मी आपला झुडपांकडे पाहात होतो. पानाचा डोळा निमुळता असतो, फुलाचा टपोरा. हा भेद मला आता कोणी सांगायला नको होता. टोकांवरचे टपोरे डोळे मी मोजले. सात. पुन्हा मोजले. मग हिला बोलावून मोजायला लावले. ही म्हणाली, “सात. पण आता कोणाला सांगू नका. आधी फुलू देत.”

मी सांगितले नाही. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन सूनबाई मागच्या दारात उभी राहू लागली, तेव्हा तिनेही मोजले आहेत हे मी समजलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला घोस उमलला, मग एकेक करून बाकीचे. सहा झाले, सातवा तेवढा एका रात्रीच्या वाऱ्यात मोडला. शेजारच्या बाईंना कुंपणाशी यायला आता काठी लागत होती. त्यांनी नाकाजवळ एक घोस ओढून घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हाच. शेतावरचा.” सूनबाईने एकच घोस तोडला आणि फोटोपुढे ठेवला. मोडक्या सातव्याची फुले वाया जाऊ नयेत म्हणून नातीने सुई-दोरा मागितला. ती आता दहा वर्षांची, केस खांद्यापर्यंत. तिची आजी, म्हणजे आमची ही, शिकवत होती. गजरा जेमतेम चार बोटे झाला.

जून उजाडता उजाडता घोस वाळून तपकिरी झाले. मी त्यांच्याकडे पाहात होतो. काही बोललो नाही. सकाळी सूनबाई बाहेर आली. तिच्या हातात ती कात्री होती. दोन वर्षांपूर्वी पाहिली होती, त्यानंतर आजच. पात्यांना तेल लावलेले होते.

“बाबा, वाळलेले घोस आत्ताच काढायला हवेत ना?” ती म्हणाली. “नंतर पुढच्या कळ्या धरतात.”

मी कात्री घेतली. पहिल्या फांदीशी गेलो. हात पुढे केला आणि तसाच थांबलो.

“कुठं कापू ग?” मी विचारले.

ती जवळ आली, फांदी दोन बोटांत धरली आणि म्हणाली, “इथं. पहिल्या पानांच्या जोडीच्या वर.”